येतो म्हणजे जातो

२४ मार्च २०२४. त्या वर्षी झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, आणि होळी एकाच दिवशी आली होती. मुंबईत आमच्या ख्रिस्ती मंडळीची उपासना नुकतीच सुटली होती, पोरं झावळ्यांच्या तलवारी करून अंगणात लढत होती, आणि नवापूर तालुक्यातल्या ज्या वसतिगृहात आमचा तरुण संघ डिसेंबरात सात दिवस राहून आला होता, तिथल्या मुलांना सांभाळणाऱ्या मावशींचा फोन आला. मावशी स्वतःहून कधी फोन करत नाहीत. त्या दिवशी नमस्कार-चमत्कार न करताच म्हणाल्या, "ताई, त्या गिटारवाल्या दादाला सांगा, लेकराला असं काही बोलायचं नसतं."

घडलं होतं ते असं. दुसरीतल्या एका मुलाला होळीसाठी घरी न्यायला त्याचा बाप शनिवारी दुपारी आला. तो बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीवर होता, मुकादमाच्या हातापाया पडून चार दिवस सुटून आलेला. मुलगा पिशवी मांडीवर घेऊन पायरीवरच बसलेला दिसला, तेव्हा बापाला वाटलं आपलीच वाट बघतोय. पण मुलगा उठेना. दादा होळीला येणार आहे, तो आला की जाऊ, म्हणाला. समजावून झालं, हात धरून ओढून झालं, एक चापटही बसली. गावाकडची शेवटची काळीपिवळी तोवर निघून गेली. बाप रात्री व्हरांड्यात झोपला आणि होळीच्या सकाळी पोराला घेऊन गेला. चारातला एक दिवस असा गेला.

आमच्या संघातला तो दादा तेव्हा अंधेरीत नव्या नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात होता. आपण काय बोललो होतो हे त्याला आठवतही नव्हतं. मी आठवण करून दिली तेव्हा म्हणाला, "अगं, निघताना म्हणतो ना आपण, येतो म्हणून."

म्हणतो खरं. मराठी माणूस निघताना ‘जातो’ म्हणत नाही. ‘जातो’ अशुभ, म्हणून ‘येतो’. मराठी घरात वाढलेल्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही. पण घरी मावची ही आदिवासी बोली बोलणाऱ्या आणि शाळेच्या पुस्तकातून मराठी शिकणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला ‘येतो’चा एकच अर्थ ठाऊक असतो. त्याने त्या शब्दाला धरून रास्त प्रश्न विचारला, "होळीला?" आणि गाडीत बसता बसता दादा म्हणाला, "हो, हो."

आम्ही मुंबईतल्या एका मराठी मंडळीचा तरुण संघ. डिसेंबर २०२३च्या सेवादौऱ्यात चौदा जण होतो, वीस ते सव्वीस वयाचे, आणि त्यांना सांभाळायला मी. मी शिक्षणाने समाजसेविका, त्यामुळे यातलं बरंचसं मला आधी कळायला हवं होतं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला आम्ही पोचलो आणि १ जानेवारीला निघालो. सात दिवस. सकाळी मुलं शाळेत असताना आम्ही रंगरंगोटी करायचो, दुपारनंतर अभ्यास, खेळ, गाणी, संध्याकाळी प्रार्थना. वसतिगृहात साठेक मुलं, पहिली ते दहावीची. बहुतेकांचे आईबाप जिवंत. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्यातल्या निम्म्या जणांनी सोशल मीडियावर फोटोखाली ‘अनाथ मुलांसोबत’ असं लिहिलं होतं.

मग मुलं तिथं का? नंदुरबार जिल्ह्यातली पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात ती उन्हाळा लागेपर्यंत. मध्ये परतायचं ते होळीला. सातपुड्याच्या या सगळ्या पट्ट्यात होळी दिवाळीपेक्षा मोठी, आणि वसतिगृहातल्या पोरांच्या मनातलं कॅलेंडर होळीभोवतीच फिरतं. आई जाताना सांगते ‘होळीला’, आणि होळीला येते. दर वर्षी. त्या मुलाच्या अनुभवात ‘होळीला येतो’ हे वाक्य कधी खोटं ठरलेलंच नव्हतं.

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. गंमत अशी की मुंबईहून सुरतेला उतरून आम्ही जी गाडी धरली ती बारडोली, व्यारा, सोनगड करत नवापूरला जाते. खिडकीतून ऊस दिसत होता, तोडलेल्या फडांवरच्या झोपड्या दिसत होत्या. कुणीतरी फोटोही काढला. ज्या मुलांना भेटायला चाललो होतो त्यांचे आईबाप त्याच पट्ट्यात कोयता चालवत होते आणि आम्ही डब्यात अंताक्षरी खेळत होतो.

तो पहिला निरोप

३१ डिसेंबरला वर्षअखेरच्या उपासनेनंतर आम्ही शेकोटी केली. कार्यक्रम आमच्याच मुलांनी बसवला होता. एकेकाने उभं राहायचं, या सात दिवसांत मुलांनी आपल्याला काय दिलं ते सांगायचं, मग गाणं. तिसऱ्याच्या बोलण्यापर्यंत आमच्या मुली रडायला लागल्या. त्या रडतात म्हणून वसतिगृहातल्या मुली रडल्या, मग लहानगे घाबरून रडले. रात्रीचा एक वाजला. मला तेव्हा ते सगळं फार सुंदर वाटलं, हे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी तेच. वर ज्याच्या त्याच्या हातात भेटवस्तू. कुणी आपलं घड्याळ आपल्या ‘लाडक्या’ला दिलं, कुणी ओढणी, कुणी नुसताच चॉकलेटचा पुडा. लाडकी मुलं पंधरा-वीस, बाकीची बघत उभी. आठवी-नववीतल्या मुलींनी तळहातावर पेनाने फोन नंबर लिहून घेतले. गाडी सुटली तेव्हा मुलं वळणापर्यंत धावली. आमच्या एकाने व्हिडिओ काढला आणि तो संघाच्या ग्रुपवर पुढचा महिनाभर फिरत होता.

व्हिडिओ वळणावर संपतो. वळणानंतरचं मला मावशींनी सांगितलं, तेही होळीच्या त्या फोननंतर मी खोदून विचारलं तेव्हा. त्या संध्याकाळी खिचडी निम्मी उरली. घड्याळावरून दोन मुलांची मारामारी झाली आणि घड्याळ फुटलं. पुढचे चार-पाच दिवस एरवी कोरडी झोपणारी काही लहान मुलं अंथरूण ओलं करत होती. मुली रेक्टर सरांच्या फोनवरून आमच्या मुलींना फोन लावायच्या. पहिला आठवडा फोन उचलले गेले. मग कॉलेज, परीक्षा. एकीने तर नंबर ब्लॉक केला. "पोरी म्हणाल्या, मावशी, रेंज नसेल," असं मावशींनी सांगितलं आणि गप्प झाल्या. साठ मुलांमागे अशा मावशी दोन.

आणि तो दुसरीतला मुलगा? तो रडला नव्हता. शेकोटीलाही नाही, फाटकाशीही नाही. आम्ही परतीच्या गाडीत म्हणालो होतो, बघा, किती समजूतदार आहे.

न रडणारं मूल

१९५२ साली लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकाने एक लघुपट केला. दोन वर्षांची मुलगी, किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात, त्या काळच्या रीतीप्रमाणे आईवडील सोबत न राहता. डॉक्टर-परिचारिकांना वाटायचं, मूल शांत झालं म्हणजे रुळलं. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी, मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचं म्हणणं उलट होतं: आधी आकांत, मग खचणं, मग तुटलेपण, आणि ते शांत दिसणं बऱ्याचदा या पुढच्या पायऱ्यांपैकी एक असतं. लघुपटातली मुलगी तर विलक्षण संयमी, ओठ दाबून रडू आवरणारी. हे मी समाजकार्यातल्या पदव्युत्तर शिक्षणाला, एम.एस.डब्ल्यू.ला असताना शिकले होते, त्यावर परीक्षेत उत्तरही लिहिलं होतं. फाटकाशी कोरड्या डोळ्यांनी उभा असलेला मुलगा पाहून मला त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

होळीनंतर मी पुन्हा वाचायला बसले. दक्षिण आफ्रिकेतल्या अनाथालयांवर लिंडा रिश्टर आणि एमी नॉर्मन यांचा २०१०चा लेख हाती लागला. बाहेरून येणारे स्वयंसेवक लहानग्यांशी भराभर जवळीक करतात, आठवड्या-दोन आठवड्यांनी तोडून निघतात, मग दुसरे येतात. ज्यांनी आधीच माणसं गमावली आहेत त्यांना पुन्हा पुन्हा गमावण्याचा सराव होतो, असं त्या लेखाचं सांगणं. वाचून मी इतकी हबकले की दौराच बंद करू म्हणून मंडळीच्या समितीला लिहायला बसले.

ते पत्र मी पाठवलं नाही. तो लेख अनाथालयांतल्या फार लहान मुलांबद्दल आहे. आमच्या मुलांना आई आहे, बाप आहे, घरी जायला होळी आहे. सात दिवसांच्या पाहुण्यांमुळे त्यांचं आयुष्य विस्कटतं असं म्हणणं म्हणजे स्वतःला फारच मोठं समजणं. आणि पाहुणे आले-गेले तर मुलांना मजाही येते, हे रेक्टर सरांनी मला स्पष्टच सुनावलं. "ताई, तुम्ही येऊ नका असं कोण म्हणतंय? जाताना नीट जा."

नीट जाणं म्हणजे काय, याचा धडा अनपेक्षित ठिकाणी सापडला. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, विसाव्या अध्यायात, प्रेषित पौल इफिसच्या वडील मंडळींना निरोप देतो. तो सरळ सांगतो की तुम्ही माझं तोंड पुन्हा पाहणार नाही. माणसं गळ्यात पडून रडतात, पण तो ‘बघू, जमलं तर’ म्हणत नाही. पुढच्याच अध्यायात तो सोर नगरात शिष्यांपाशी थांबतो. किती दिवस? सात. निघताना सगळे बायकामुलांसह नगराबाहेर पोचवायला येतात आणि समुद्रकिनाऱ्यावर गुडघे टेकून प्रार्थना करतात. निरोपाला मुलं हजर आहेत, हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने ती टिपली आहेत. आणि मग एक वाक्य, जे मी रविवार शाळेपासून वाचत आले आणि कधी थांबून पाहिलं नव्हतं: आम्ही तारवात बसलो आणि ते आपापल्या घरी परत गेले. लूक स्वतः तारवात बसलेला, तरी अर्धं वाक्य त्याने मागे राहिलेल्यांना दिलं. आमच्या व्हिडिओत ते अर्धं नव्हतं.

पोस्टकार्ड

दादाचं काय करायचं हा प्रश्न आधी होता. त्याला वाईट वाटलं होतं आणि त्याला लगेच काहीतरी मोठं करायचं होतं. सायकल पाठवू का, विचारत होता. मी म्हटलं, पोस्टकार्ड पाठव. पन्नास पैशांचं. त्याने तीन वेळा लिहून फाडलं, कारण तिन्हींत ‘कामामुळे’ होतं आणि ‘लवकरच’ होतं. शेवटी गेलं त्यात मोठ्या अक्षरांत तीन ओळी होत्या. मी होळीला येतो म्हणालो. मी आलो नाही, ती माझी चूक. तू वाट पाहिलीस, तुझ्या बाबांनाही थांबावं लागलं, त्यांना माझा सलाम सांग.

मावशींनी ते वाचून दाखवलं. मुलाने कार्ड घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि दप्तरात ठेवलं. बस, एवढंच. मला वाटतं दादा अजून त्याच्याकडून उत्तराची वाट पाहतो.

दुसऱ्या वर्षीची तयारी

डिसेंबर २०२४च्या दौऱ्याआधी आम्ही चार रविवार बसलो. जुने सहा, नवे आठ. दादा येणार नव्हता, रजा नव्हती. सगळ्यात जास्त वेळ एका प्रश्नावर गेला. मूल विचारतं, "परत येणार?" तर काय म्हणायचं? आम्ही नाटकासारखी तालीम केली. एकाने मूल व्हायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. ठरलेलं उत्तर सोपं होतं: मला माहीत नाही, कोणी येणार असेल तर सर तुम्हाला आधी सांगतील. चौदा जणांपैकी नऊ जणांच्या तोंडून पहिल्या वेळी ‘नक्की’ निघालं. एक मुलगा तिन्ही वेळा ‘नक्की’ म्हणाला आणि वैतागून खाली बसला, "ताई, तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

आमची आणखी एक पळवाट होती, ती आम्हा ख्रिस्ती लोकांची खास. ‘प्रभूची इच्छा असेल तर.’ याकोबाच्या पत्रातलं ते वाक्य माणसाचा गर्व उतरवायला आहे. आम्ही ते नाही म्हणायची लाज झाकायला वापरतो, आणि पोराला त्यात फक्त ‘हो’ ऐकू येतं. त्यावर बंदी घातली. पाळकसाहेब हसले, पण त्यांनीही मान्य केलं.

बाकीचं रेक्टर सरांशी आणि मावशींशी फोनवर ठरवलं, आणि खरं सांगायचं तर बरंचसं त्यांनीच ठरवलं. एकाने एकाच मुलाला धरायचं नाही. दोघांनी मिळून आठ-नऊ जणांचा गट सांभाळायचा. कुणाच्या हातात वस्तू द्यायची नाही. कॅरम आणि व्हॉलीबॉल वसतिगृहाला. फोन नंबर कुणाचाच नाही. पत्र लिहायचं तर सरांच्या पत्त्यावर, सगळ्यांसाठी मिळून. रात्री निरोप नको, निघायचं दुपारी, म्हणजे झोपेआधी मुलांच्या हाताशी खेळाचा तास, अभ्यास, जेवण असतं. मावशी म्हणाल्या, त्या दिवशी जेवणात आमटी-भात ठेवते, नवापूरच्या तुरीची, ती कुणी टाकत नाही.

आणि भिंतीवर खडूने सात रेघा. रोज संध्याकाळी प्रार्थनेनंतर एका मुलाने एक रेघ पुसायची. पाहुणे कधी जाणार हे पहिल्या दिवशीच सगळ्यांना दिसलं पाहिजे. आमच्यातल्या काहींना हे क्रूर वाटलं. येताक्षणी जाण्याची भाषा! पण ज्या मुलांना होळीपर्यंतचे दिवस मोजता येतात त्यांना सात मोजायला काय जड?

तसं ठरलं, तसं झालं नाही

रेघा चांगल्या चालल्या. लहानांनी त्याचा खेळच केला, उद्या कोण पुसणार यावर भांडणं. पण मोठ्या मुली नाराज झाल्या. तिसऱ्या दिवशी नववीतली एक मला नळापाशी गाठून म्हणाली, "ताई, मागच्या वर्षी किती मजा आली होती. सगळे रडलो. या वर्षी तुम्ही लांब लांबच राहता." मी तिला कारणं सांगायला लागले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते लहानांसाठी ना? आम्हाला कळतं की तुम्ही जाणार."

तिचं बरोबर होतं. सहा वर्षांच्या मुलासाठी केलेला नियम मी चौदा वर्षांच्या मुलीला लावला होता. त्या वयाला निरोप हवा असतो, रडणंही हवं असतं, त्यात एक रुबाब असतो. त्याच संध्याकाळी आम्ही आठवी ते दहावीच्या मुलामुलींना बसवलं आणि सांगितलं की शेवटचा कार्यक्रम तुमचा. तुम्ही यजमान, आम्ही पाहुणे; तुम्ही आम्हाला वाटेला लावा. फोन नंबरचा नियम मात्र ढिला केला नाही. त्यावर दोघी रुसल्या त्या शेवटपर्यंत.

३१ डिसेंबरला दुपारी त्यांनी शेतातून तुरीच्या शेंगा आणल्या, मिठाच्या पाण्यात उकडल्या, आणि आम्हाला ओळीने बसवून वाढल्या. आमच्यापैकी कुणी बोलायचं नाही अशी त्यांची अट होती. त्यांनी आमच्या नकला केल्या. माझी नक्कल म्हणजे कमरेवर हात ठेवून ‘नंबर नाही द्यायचा!’ म्हणणारी बाई. मग नववीतल्या त्या मुलीने आमच्या प्रवासासाठी प्रार्थना केली, सुरतेला गाडी मिळू दे इथपर्यंत सगळं नीट सांगून. रडल्या थोड्या. आमचेही दोघे-तिघे रडले, आणि मी अडवलं नाही.

दुसरीतला तो मुलगा आता तिसरीत होता. तो आमच्यात आलाच नाही. ताटं उचलायचा, पाणी भरायचा, खेळात कुणी ओढलं तर दोन मिनिटं खेळून सटकायचा. आमच्या एका नव्या मुलीला त्याच्याशी मैत्री करायची फार ओढ लागली होती. तिला मी म्हटलं, राहू दे, त्याला ठरवू दे. चौथ्या संध्याकाळी मात्र तो आपणहून भिंतीपाशी आला, खडूची रेघ पुसायला. त्याने एकाऐवजी दोन पुसल्या. बाकीची पोरं ओरडली, एक दिवस जास्त गेला! वाद झाला, सरांनी एक रेघ पुन्हा काढली. मी त्याला विचारलं, दोन का? तो खांदे उडवून गेला. आम्ही लवकर जावं असं त्याला वाटत होतं की नुसती चूक झाली, मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. माझं मत पहिल्याकडे झुकतं.

१ जानेवारी २०२५ला दुपारी दोन वाजता निघालो. फाटकाशी आम्ही ‘निघतो’ म्हणायचं ठरवलं होतं, चौदा जणांनी पाठ केलेलं. ‘येतो’ नाही, ‘जातो’ही नाही. मावशींनी पहिल्यालाच झापलं, "निघतो काय? येतो म्हणा, सणावाराचं!" सगळी पोरं हसली. मी मावशींकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे, आणि मग त्या पोरांकडे वळून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. नंतर सरांनी सांगितलं: हे मराठी लोक येतो म्हणून जातात, यांची वाट बघत बसू नका.

तो तिसरीतला फाटकाशी नव्हता. नव्या व्हॉलीबॉलची जाळी बांधायला मागच्या मैदानात सर मोठ्या मुलांना घेऊन गेले होते, त्यांच्यात होता म्हणे.

मावशींना मी सांगून ठेवलं होतं की तीन दिवसांनी फोन करा, मुलं जेवली का, झोपली का, सगळं सांगा, लपवू नका. त्यांचा फोन त्याच रात्री आला. आम्ही अजून गाडीतच होतो, व्यारा गेलं होतं. माझ्या पोटात गोळा आला.

"ताई, भांडी मोजली. एक पातेलं कमी लागतंय. तुमच्याबरोबर गेलं का?"

गेलं होतं. उरलेल्या शेंगा त्यातच बांधून दिल्या होत्या.